कडजाईचा मुका तंबोरा

देवीच्या उजव्या हाताला आहे तो तंबोरा पाहून घ्या. हात मात्र लावायचा नाही. भोपळा आहे, तारा आहेत, फक्त घोडी नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीला घोडी म्हणतात. तारांचा सगळा भार ती अंगावर घेते आणि त्यांची थरथर खालच्या लाकडाला पोचवते. ती काढली की तार लाकडावर आडवी पडते आणि मुकी होते.

असे सांगतात की, पूर्वी या गडावर पाण्याचा थेंब नव्हता. भिऊबाई नावाची विधवा खालच्या विहिरीचे पाणी आपल्या घोडीवर लादून वर आणी. त्या घोडीच्या जिवावर तिची चूल पेटे. पुढे गडकऱ्याच्या घरी लग्न निघाले, गवई आले आणि तंबोरा काही बोलेना. तंबोरे करणारे दस्तगीरचाचा बोलावले गेले. त्यांनी वाद्य पाहिले आणि हवालदाराला सांगितले, "ही झिजलीय. नव्या घोडीला हाड लागेल."

हवालदाराने शिपायाला सांगितले, आणि सांगता सांगता ‘ला’चे ‘चं’ झाले. घोडीचं हाड! मोठ्या घरचे काम, उलट विचारायची कुणाची छाती? गडकऱ्याच्या पागेत घोड्या होत्या की, पण त्यांना कोण हात लावतो? गरिबाची घोडी दाराशी उभीच होती.

शिपायाने आणून दिलेले हाड चाचांनी नेहमीसारखे उंटाचे समजून तासले, कानशीने घासले, नाद खुलावा म्हणून तारांखाली सूत सरकवले. तंबोरा असा बोलला म्हणे, की गवयाचेच डोळे भरून आले. तेवढ्यात भिऊबाई डोक्यावर हंडा घेऊन दारात आली.

"वाजवा, वाजवा," ती म्हणाली. "माझीच घोडी हाय ती."

चाचा चरकले. हवालदार म्हणाला, "तुम्हीच मागितलंत की!"

"मी ‘घोडीला’ म्हणालो होतो रे," चाचा म्हणाले. त्यांनी भर मैफलीत तारा सैल केल्या, घोडी काढली आणि भिऊबाईच्या हातात ठेवली.

ती म्हणाली, "ह्येच्यावर हंडा कसा लादू, चाचा?"

गावाला मग फार पश्चात्ताप झाला. तंबोरा देवीला वाहिला, त्यावर पुन्हा घोडी बसवायची नाही असे ठरले, दर जत्रेला त्याची पूजा लावून दिली. बाईला दुसरी घोडी घेऊन द्यावी, एवढे मात्र कुणाला सुचले नाही. मी इथला गुरव, ती पूजा मीच करतो, आणि दर वेळी मला त्या हळदीकुंकवाची चीड येते.

आजही जत्रेला पाणी खालच्या विहिरीचेच असते. भिऊबाईच्या घरची सून आणते, डोक्यावरून. मघाशी तुम्ही प्यालात ना, तेच ते.