ठेवणीतल्या गोधड्या

डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका गावात गोधड्या शिवणारी एक स्त्री आपल्या पतीसह राहत असे. तिचे टाके इतके सुबक असत, की आसपासच्या गावांतील स्त्रिया ते पाहण्यास मुद्दाम येत. जुन्या लुगड्यांचे काठ ती मागून आणी, रंगाशी रंग जुळवी आणि गोधडी पूर्ण झाली, की पेटीत घालून कुलूप लावी. एक पेटी भरली, की दुसरी येई. ती दोघे मात्र विरलेल्या घोंगड्या पांघरून निजत.

"अगं, एखादी अंगावर घेऊ दे की," पती म्हणे.

"मळेल ना! चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्यात त्या."

"आपलं लग्न तर होऊन गेलं. आता कुठला प्रसंग उरला?"

प्रसंग पुष्कळ आले. परंतु एकही तिला पुरेसा चांगला वाटला नाही. बहिणीच्या बाळंतपणातही पेटी उघडली नाही.

एका हिवाळ्यात पती तापाने अंथरुणाला खिळला. त्याला हुडहुडी भरलेली पाहून शेजारीण कडाडली, "अगं बाई, माणूस काकडतोय! पेट्यांची काय पूजा घालणार आहेस?" तेव्हा लाजेकाजेस्तव तिने एक गोधडी काढून त्याच्या अंगावर घातली. त्या उबेत त्याचा डोळा लागला.

सायंकाळी वैद्य आले. नाडी पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, "आज उतार पडला तर ठीक, नाहीतर कठीण आहे. ऊब मात्र तुटू देऊ नका."

त्या गावची अशी रीत होती, की ज्या पांघरुणात माणूस प्राण सोडी, ते पुन्हा घरात घेत नसत; स्मशानाबाहेर टाकून देत. वैद्य गेल्यावर तिला ती रीत आठवली. ती गोधडीकडे पाहत बसली. असे काठ पुन्हा मिळणे नव्हते. अखेर तिने ती हलकेच ओढून घेतली आणि पतीच्या अंगावर घोंगडी टाकली.

पती जागा होता. त्याने डोळे उघडले नाहीत.

सुदैवाने ताप उतरला. चालण्याइतकी शक्ती येताच तो भावाच्या घरी राहावयास निघाला.

"अहो, असे कुठे निघालात? माझं काय चुकलं?"

"तू मला मेलेला धरलंस. मेलेला माणूस घरात ठेवत नाहीत."

तिने घाईघाईने पेटी उघडून तीच गोधडी पुढे केली. "ही तरी घ्या. वाटेत गारठा असेल."

त्याने गोधडीला हातही लावला नाही. तो गेला, तो परतला नाही.

ती रडली, अगदी मनापासून रडली. परंतु रडू फुटण्यापूर्वी, गोधडी आपल्याच हातात राहिली हे पाहून तिला क्षणभर हायसे वाटले होते.

यातून घ्यावयाचे तात्पर्य: साठविण्याची सवय जडलेला मनुष्य आरंभी माणसांसाठी वस्तू जपतो, अखेरीस तो माणसांपासून वस्तू जपू लागतो.