पालथं पातेलं

भांडी माणसांसारखी बोलायची, तेव्हाची गोष्ट सांगतो. द्वारकाबाईंचा संसार मोठं घर सोडून दोन खोल्यांत आला. स्वयंपाकघरात फळी एकच. मग मोठ्या पितळी पातेल्यात मधलं, मधल्यात धाकटं, अशी भांडी बसवावी लागली.

धाकटं रोज चहाला बाहेर निघायचं. ते पाहून मोठं पातेलं जळायचं. "माझ्यात पंचवीस पानांचा भात शिजायचा, आणि मान या चिमुरड्याला?" एक दिवस मधलं आणि धाकटं घासायला गेलेली पाहून ते फळीवर पालथंच झालं. "राहा आता बाहेर!"

बाहेर जागा कुठली? भांडी पायांत येऊ लागली. नवरा म्हणाला, "अगं, काहीतरी मोडीत देऊन टाक."

पातेलं मनात खूश झालं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "छोटी रोज लागतात. ते पालथं धूडच नेऊन द्या."

तेव्हा धाकटं हळूच म्हणालं, "दादा, सरळ व्हा. आम्ही आत येतो, मग तुमची अडचण कुणाला होणार नाही."

पातेलं मुकाट्यानं सरळ झालं. दोघं आत जाऊन बसली. द्वारकाबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या हो."

अजूनही धाकटं चहाला निघालं की पातेलं बघत राहतं. पण आता म्हणतं, "फार वेळ लावू नकोस हं."