काठाचे तुकडे

उंदरांना माणसं नातेवाईक मानत त्या काळी, एका हलवायाच्या भिंतीत उंदीरमामा आपल्या तीन भाचरांसह राहत. बाकीच्या मिठाईला तोंड लावू नये म्हणून हलवाई दर सणाला पळसाच्या पानावर नारळाची एक मोठी, गोल वडी त्यांच्यासाठी ठेवी.

"वाटणी सगळ्यांना सारखी हवी," असं म्हणत मामा दातांनी त्या गोलातून शंकरपाळ्याच्या आकाराच्या तीन वड्या काढत. भाचरं त्या एकमेकींवर ठेवून बघत. केसभर फरक नसे.

"आणि तुम्हाला, मामा?"

"मला कशाला वडी? काठाचे वेडेवाकडे तुकडे उरलेत, त्यावर भागवतो."

भाचरांचे डोळे भरून यायचे. मामा फुगत चालले, तेव्हा थोरल्याला वाटलं, उपासमारीनं सूज आली. एकदा तर मामा बिळाच्या तोंडातच अडकले. तिघांनी शेपटी धरून त्यांना ओढून काढलं.

त्या दिवशी धाकटी कुटकी म्हणाली, "मामा दमलेत. आज मी कापते." तिनं वडी मधोमध उभी कापली, मग मधोमध आडवी. चौघांना चार तुकडे झाले.

मामांनी आपला तुकडा फिरवून पाहिला. "हा कसला गं आकार? दोन बाजू सरळ आणि तिसरी गोल."

"कसला का असेना, मामा. चौघांचा सारखाच आहे."

मामांनी आशेनं पानाकडे पाहिलं. इतकं स्वच्छ पान त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.