निळीचा रांजण

एका नगरात एकदा असा काळ आला, की धंदा करणाऱ्यांपेक्षा धंद्याविषयी सल्ला देणारेच जास्त झाले. जिलबी तळायची तर धुराच्या मंडळाचा सल्ला, घोड्याला नाल ठोकायचे तर आवाजाच्या मंडळाचा. अशी सात सल्लागार मंडळे होती आणि सातांचेही शिक्के उमटल्याशिवाय परवाना हाती पडत नसे. नाकापेक्षा मोती जड झाला होता. शेवटी नगरप्रमुखांनी एका निवृत्त, वृद्ध कारभाऱ्याला विनवले, की हा पसारा आवरून द्या. वृद्धाची दृष्टी अधू झाली होती. त्याने ते काम आपल्या शिष्याकडे सोपवले आणि स्वतः रोज कचेरीच्या कोपऱ्यात येऊन बसू लागला.

शिष्य तिशीतला, सरळ मनाचा आणि कामाला वाघ. त्याने सातही मंडळांना विचारले, की तुमची गरज काय? प्रत्येकाने सांगितले, की आमच्यावाचून नगर बुडेल, उरलेली सहा मात्र निरुपयोगी आहेत. कोणावर अन्याय नको म्हणून शिष्याने प्रत्येकातला एक सभासद घेऊन आठवे मंडळ नेमले. कोणती मंडळे बंद करावीत याचा अहवाल या आठव्या मंडळाने द्यायचा होता. मंडळे कमी करण्यासाठी आपण एक वाढवले, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातही आले नाही.

त्याच सुमारास साळूबाई निळारीण कचेरीत आली. दसऱ्याआधी तिचा नवरा वारला होता. परवाना त्याच्या नावावर, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याचा निळीचा रांजण लाख लावून बंद केला गेला होता. परवाना तिच्या नावावर झाल्याखेरीज झाकण उघडायचे नव्हते. नगरात निळीने कापड रंगवणारे ते एकच घर होते.

"दादा, रांजण जिता असतो," ती म्हणाली. "त्याला गूळ, चुना, टाकळ्याचं बी घालावं लागतं, रोज ढवळावं लागतं. माझ्या आजेसासऱ्यानं लावलेला हाय त्यो. कोंडून ठेवला तर मरंल."

शिष्याला वाईट वाटले, खरोखर वाटले. पण त्याने तिला समजावले, की जुन्या रीतीने तुमचे एकटीचे काम केले तर रांगेतल्या इतरांवर अन्याय होईल. अहवाल येऊ द्या, मग सातांऐवजी दोनच शिक्के लागतील. साळूबाई मान हलवून गेली. आठ दिवसांनी परत आली, पुन्हा परत गेली.

दुसऱ्या दिवशी वृद्ध शिष्याच्या घरी गेला आणि त्याच्या आईकडे विरजणाचे भांडे मागितले. ते त्याने कचेरीत आणले, तोंडाला फडके बांधले, वर लाखेचा शिक्का मारला आणि कागदांच्या फडताळात ठेवून दिले. अहवाल येईपर्यंत याला हात लावायचा नाही, एवढेच तो म्हणाला. आई चिडली, मग शेजारणीकडून विरजण मागून आणून मोकळी झाली. शिष्याला नवल वाटले. पण गुरूला 'का' विचारायचे नाही, असे त्याच्यावर संस्कार होते. त्याने विचारले नाही.

आठव्या मंडळाच्या बैठका होत राहिल्या. संक्रांत उलटून गेल्यावर अहवाल आला. पाच मंडळे बरखास्त, दोन शिक्के, सात दिवसांत परवाना. शिष्याचा आनंद गगनात मावेना. नव्या रीतीचा पहिला परवाना त्याने साळूबाईच्या नावाने स्वतःच्या हाताने लिहिला.

"आता ते भांडे उघड," वृद्ध म्हणाला.

शिष्याने फडके सोडले. आत हिरवी-काळी बुरशी माजली होती. वासाने त्याने तोंड फिरवले, आणि फिरवता फिरवता त्याला साळूबाईचा रांजण आठवला. परवाना मुठीत धरून तो निळाऱ्याच्या घराकडे जवळजवळ पळतच निघाला. मागून वृद्ध काठी टेकत येत होता.

साळूबाईने झाकण काढले. पांढऱ्या सुताची लड तिने आत बुडवली, पिळून वाऱ्यावर धरली. जिवंत रांजणातून सूत हिरवट निघते आणि वाऱ्यावर पाहता पाहता निळे होते. हे मातकट निघाले आणि मातकटच राहिले. तिने दुसरी लड बुडवली. मग ती रांजणाच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

"बैल गेला अन् झोपा केला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच शिष्याला सोसेना. परवाना मात्र तिने दोन्ही हातांनी घेतला आणि चोळीत जपून ठेवला.

परतताना वृद्ध वाटेत थांबला. "तुझ्या आईला शेजारणीने विरजण दिले," तो म्हणाला. "हिला रांजणाचे विरजण देणारी शेजारीण या नगरात नाही. कागद थांबतो, कारण त्याला भूक नसते. आपण कागदांत वावरतो, म्हणून बाहेरचे जगही थांबेल असे समजतो. तू नियम कमी करत होतास. पण माणसाला थांबवून ठेवणे हाच या कचेरीचा सर्वांत जुना नियम होता, आणि तो तू रोज पाळत होतास."

शिष्याची मान खाली गेली. मग वृद्ध म्हणाला, "भांडे का बंद केले, हे तू त्याच दिवशी विचारशील असे मला वाटले होते. तू आदरापोटी विचारले नाहीस, मी गुरूपणाच्या तोऱ्यात सांगितले नाही. सात मंडळे होती, आठवे तू नेमलेस. नववे मी झालो."

नव्या नियमांचे नगरात पुष्कळ कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. साळूबाई आता परगावच्या एका रंगाऱ्याकडे कापड धुवायला जाते. नगरात निळे लुगडेही त्याच गावाहून येते.

शिष्य अजून त्याच कचेरीत आहे. समोर कोणीही अर्ज घेऊन आले, की नाव विचारण्याआधी तो विचारतो, "थांबलात, तर तुमचे काय मरेल?"