वाकळीला पडलेलं भोक

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे कुणालाच लिहिता येत नव्हतं, म्हणून गावानं आपला इतिहास एका वाकळीत शिवून ठेवला होता.

सगळ्या गावाच्या लक्षात राहावं असं काही घडलं, की त्या माणसाच्या अंगावरचं एक फडकं वाकळीला जोडायचं. पुरात उडी घेणाऱ्याचा पटका तिच्यात होता, आणि चोरी कबूल केलेल्या माणसाची बंडीही होती. सुगी आटोपली की वाकळ पारावर अंथरायची आणि ज्याच्या घरचं फडकं त्यानं त्याची गोष्ट सांगायची. पोरंसोरं तिच्यावर लोळत ऐकायची.

वाकळ सांभाळायचं काम एका म्हातारीकडे होतं. डोळे अधू झाले होते, पण कुठलं फडकं कुणाचं ते तिला बोटांनी कळायचं. जीभ मात्र तिखट होती.

एका वर्षी वाकळ अंथरताना तिचं बोट आरपार गेलं. मधोमध वीतभर भोक होतं, कात्रीनं सरळ कापलेलं.

तिथे पाटलांच्या आजोबांचा शेला होता. दुष्काळात त्या आजोबांनी गावाच्या झऱ्याला दार बसवून कुलूप ठोकलं होतं आणि आसपासच्या सात गावांना पाणी नाकारलं होतं. माणसं तडफडून मेली. मग त्यांना उपरती झाली. सात गावच्या पंचांसमोर त्यांनी नाक घासलं आणि खांद्यावरचा शेला फाडून वाकळीला दिला. साक्ष म्हणून प्रत्येक पंचानं आपल्या गावच्या रंगाच्या दोऱ्यानं त्यावर एकेक टाका घातला.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाटील, शेला कुठं हाय?"

"चुलीत," पाटील म्हणाले. "पोरीला मोठ्या घरचं स्थळ आलंय. सोयऱ्यांम्होरं आज्याची अब्रू कशाला काढू? भोकावर रेशमी तुकडा लाव. मी देतो."

"तुमच्या आज्यानं सोताच्या हातानं दिला व्हता त्यो! त्यास्नी केल्याली चूक दिसली, म्हून दिला. तुमाला त्यांची लाज वाटती? मला तुमची वाटती."

ती पारावर आली आणि तिनं सगळ्या गावाला जाब विचारला. माणसं मूग गिळून बसली. एकजण म्हणाला, "जाऊ दे की म्हातारे, एका चिंधीनं काय हुतंय?" चोराच्या नातवानं तर हळूच विचारलं, "आमची बंडी बी काढता यील का?" म्हातारीनं त्याच्यावर काठी उगारली. शेला जाळला एकट्या पाटलानं, पण गप्प सगळा गाव बसला. मला विचाराल तर पाटलापेक्षा या गप्प बसणाऱ्यांचाच राग जास्त येतो.

म्हातारीनं भोकावर रेशीम लावलं नाही. भोक तसंच ठेवलं.

दोन वर्षांनी शेजारच्या गावानं झऱ्यावर हक्क सांगितला. राजाचे न्यायाधीश पारावर येऊन बसले. "झरा तुमचा, याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारी वाकळ घेऊन पुढे झाली.

"पुरावा व्हता, म्हाराज. ज्याचा झरा त्योच त्याला कुलूप घालतो. यांच्या आज्यानं घातलं, आन् सात गावांनी त्यांच्याकडंच पाणी मागितलं. त्याच शेल्यावर ह्या शेजाऱ्यांच्या पंचाचा बी टाका व्हता, हिरव्या दोऱ्याचा."

"दाखव."

म्हातारीनं भोकातून आपली मूठ बाहेर काढली. "ह्ये बघा."

शेजारच्या गावानं कानावर हात ठेवले. सातही पंच कधीच मरून गेले होते. न्यायाधीशांनी वाकून भोकाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तू खोटं बोलत नाहीस, असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण भोकाची साक्ष मला घेता येत नाही."

झरा गेला. गावच्या बायका आपल्याच झऱ्यावर घागरी घेऊन ताटकळू लागल्या. शेजारच्या बायकांचं भरून झालं, की मग यांची पाळी. पाटलीणबाईही त्याच रांगेत उभ्या राहायच्या.

शेवटी एक दिवस पाटील म्हातारीच्या दारात आले. त्यांनी आपलं उपरणं फाडलं आणि तुकडा पुढे केला.

"झरा माझ्यापायी गेला. शिव ह्ये."

म्हातारीनं सुई हातात घेतली, पण तिचा राग काही निवला नव्हता.

"तुमचा एकल्याचा तुकडा न्हाई पुरायचा," ती म्हणाली. "त्या दिशी पारावर जे जे गप बसले, त्या समद्यांचं एकेक फडकं आणा."

घरोघरची फडकी आली. भोक बुजलं. झरा मात्र परत मिळाला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: गावानं आपल्या इतिहासातली लाज कापून टाकली, की तिच्यासोबत गावाचा हक्कही कापला जातो.