ठकूबाई कासारीण आणि उंबरपाटचं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज उंबरपाटात जिथं डाळिंबाचा बाजार भरतो, तिथं तेव्हा नुसता कुसळांचा माळ होता. माळावर एक उंबर होता, आणि उंबराखाली सावली सोडून दुसरं काही नव्हतं. मग त्या मुलखाच्या राजानं डोंगरातल्या तलावापासून माळापर्यंत पाट खोदवला आणि दवंडी पिटवली, की जो माळ फोडील त्याची जमीन.

दवंडी ऐकून माणसं आली. आधी घाटाकडचे माळी आले. त्यांनी पाटाच्या तोंडाशी जमिनी धरल्या. त्यांच्यामागून कच्छी बागवान आले, ते त्यांच्या खाली बसले. ज्यांनी पाट खोदला ते वडार परत गेलेच नाहीत, त्यांना खडकाळ तुकडे मिळाले. सगळ्यांत शेवटी तेलंगणातून शेतकरी आले. त्यांच्यासाठी पाटाचं शेपूट तेवढं उरलं होतं. उंबरपाटात मूळचा असा कुणीच नव्हता. आजही नाही. इथं कुणी भेटलं की नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "गाव कोणतं तुमचं?"

चार आळ्या झाल्या, पण त्यांचं गाव काही होईना. एका आळीची भाषा दुसरीला कळत नव्हती. देव वेगळे, भाकरी वेगळी, विहिरीसुद्धा वेगळ्या. शेजारच्याच्या घरी बारसं आहे की कुणी गेलंय, हे रडण्याच्या आवाजावरून ओळखावं लागे.

अशा वस्तीत ठकूबाई आली. डोक्यावर बांगड्यांचं ओझं, हातात काठी. जात कासाराची, धंदा बांगड्या भरण्याचा, पण तिचे स्वतःचे हात मात्र उघडे. नवरा जाऊन वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. माळीआळीत तिनं पहिली हाक दिली, तेव्हा हरबाजी गिरमे नावाच्या मोठ्या बागाईतदाराची बायको, कोंडाबाई, ओट्यावर आली. तिनं ठकूबाईचं मनगट पाहिलं आणि म्हणाली, "विधवेच्या हातनं बांगड्या? नगं बाई. फुडं जा."

ठकूबाई पुढं गेली. कच्छी म्हणाले, तू माळ्यांची, तिकडं राहा. वडार म्हणाले, आमच्यात जागा नाही. तेलंगवाड्यात तिला काय म्हणाले हे तिला कळलंच नाही, पण तिथल्या बायकांनी हात पुढं केले. तेलंगी बायकांचे हात भरून झाले, तेव्हा तिनं पाटाच्या बांधावर, कुठल्याच आळीत न मोडणाऱ्या जागी, झोपडी घातली.

नागपंचमी तोंडावर आली. एवढ्या लांब दुसरा कासार कोण येणार? माळीआळीतल्या पोरीबाळी रुसून बसल्या, तशी कोंडाबाईनंच निरोप धाडला. ठकूबाई आली, ओट्यावर बसली आणि तिनं कोंडाबाईचा हात हातात घेतला.

तुम्ही बांगड्या भरताना पाहिलं असेल. कासारीण बोटं दाबते, अंगठ्याचं हाड आत घेते, आणि बाईला बोलण्यात गुंतवून बांगडी अलगद वर सरकवते. त्यासाठी बाईशी बोलता यायला हवं. म्हणून ठकूबाईनं प्रत्येक आळीची बोली शिकायला घेतली, आणि प्रत्येक बोलीतला पहिला शब्द शिकली तो "दुखतंय का?" हा. त्यावर बायका जे जे सांगत, त्यातून बाकीची भाषा तिला आपोआप आली. असं म्हणतात, की उंबरपाटातल्या चारी बोली तेव्हा एकट्या ठकूबाईच्या पोटात होत्या. कुणाची सासू बरी नाही, कुणाची लेक माहेरी आलीय, हे ती या आळीचं त्या आळीला सांगे. वाईट ऐकलेलं मात्र ती बांधावरच टाकून येई.

पुढं एका वर्षी पाऊस आलाच नाही. तलाव तळाला गेला. पाटात जेमतेम घोटाभर पाणी उरलं. पाटाच्या तोंडाशी एक दगडी दार होतं, त्यात लाकडी फळी. माळ्यांनी ती फळी खाली टाकली आणि पाणी आपल्या उसाकडं वळवलं. कच्छी आणि वडार विहिरींवर कसेबसे तगले. शेपटाला तेलंगवाडा होता, तिथं मात्र पाट कोरडा पडला. विहिरीत चिखल, आणि तो चिखल फडक्यातून पिळून लोक पीत.

त्या दिवसांत ठकूबाई तेलंगवाड्यात गेली. तिथला म्हातारा पुढारी लिंगन्ना, त्याची सून पोचम्मा नुकतीच बाळंत झाली होती. पाचवीच्या दिवशी भरलेल्या बांगड्या पोचम्माच्या हातातून आपोआप गळून अंथरुणावर पडल्या होत्या. ठकूबाईनं तिचं मनगट धरलं, तर ते इतकं बारीक, की ठकूबाईचीच बोटं एकमेकांवर चढली. बाळ रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

"नीळ्ळु लेवु, अक्का," पोचम्मा म्हणाली. पाणी नाही, ताई.

ठकूबाई तिथून उठली ती थेट कोंडाबाईच्या ओट्यावर गेली.

"शेपटाकडच्या बायकांच्या हातातनं बांगड्या गळायला लागल्यात," ती म्हणाली. "फळी उचलायला सांग."

कोंडाबाई काही दगडाच्या काळजाची नव्हती. पण तिच्या परड्यामागं ऊस वाळत होता आणि त्या उसावर तिच्या दोन लेकींची लग्नं ठरली होती. ती म्हणाली, "मी काय करू? दार बाप्यांच्या हातात हाय."

"दार त्यांच्या हातात, पण ते हात तुझ्याच भाकरीवर पोसलेत की."

"ऊस गेला तर आमीच उपाशी मरू, ठकू. पाणी आपल्या पुरतंच न्हाई, दुसऱ्याला कुठनं द्यायचं?"

ठकूबाईनं ओझं उचललं. ती तशीच परत गेली.

दोन-चार दिवसांत तेलंगवाड्यातले पुरुष एकत्र जमले. लिंगन्ना त्यांना थोपवत होता. पण वाड्यातल्या एका म्हातारीनं तहानेनं प्राण सोडले आणि थोपवणं संपलं. कुऱ्हाडी, पहारी घेऊन ते सकाळच्या उन्हात दगडी दाराकडं निघाले. हे पाहून माळ्यांनीही फावडी उचलली. हरबाजी गिरमे सगळ्यांच्या पुढं उभा राहिला. दाराच्या अलीकडं एक जमाव, पलीकडं दुसरा. एकमेकांच्या शिव्या त्यांना कळत नव्हत्या, पण शिव्या आहेत एवढं कळत होतं.

तेवढ्यात ठकूबाई आपलं ओझं घेऊन आली, दोन्ही जमावांच्या मधून चालत गेली आणि दाराच्या दगडावर बसली. रोजच्यासारखं तिनं कापड पसरलं. रोजच्यासारखी हाक दिली, "बांगड्या भरा, बांगड्याऽऽ!" आधी मराठीत, मग कच्छीत, मग वडारांच्या बोलीत, मग तेलुगूत.

पुरुषांना वाटलं, म्हातारी बिथरली. हरबाजी ओरडला, "ऊठ तिथनं, डोकं फुटंल!"

"फुटलं तर माझं फुटंल," ठकूबाई म्हणाली. "तुमच्या बायकांचे हात भरायचे राहिलेत. तेवढे भरू द्या. उद्या त्यातल्या किती जणींचे रिकामे व्हायचेत कुणास ठाऊक."

हे तिनं चारी बोलींत सांगितलं. बोलणं सगळ्यांना कळलं, अशी ती उंबरपाटातली पहिलीच वेळ, असं म्हणतात.

आधी पोचम्मा आली. बाळ पोटाशी धरून, नवऱ्याच्या कुऱ्हाडीखालून वाकून ती आली आणि ठकूबाईसमोर बसली. ठकूबाईनं माळीआळीकडं पाहून हाक मारली, "कोंडाबाई, इकडं ये. हिचा हात धर. कापतोय, मला एकटीला जमत न्हाई."

कोंडाबाई नवऱ्यामागं उभी होती. ती जागची हलेना. मग बाळानं तोंड उघडलं आणि त्या तोंडातून आवाज आलाच नाही. तेव्हा ती पुढं झाली. तिनं पोचम्माचा हात धरला. ठकूबाईनं लहानातली लहान बांगडी चढवली. ती मनगटावर क्षणभरही न थांबता घसरली आणि पाटात पडली. दुसरी चढवली, तीही पडली. पोरीबाळींच्या मापाची चढवली, तीही गेली.

कोंडाबाईनं विचारलं, "हिला खायला मिळत न्हाई व्हय?"

"खायला आहे," ठकूबाई म्हणाली. "गिळायला पाणी न्हाई."

कोंडाबाई उठली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "फळी उचला."

"येडी झालीस काय? ऊस जाईल!"

तेव्हा कोंडाबाईनं दोन्ही हात वर उचलले आणि हिरव्यागार बांगड्यांनी भरलेली मनगटं दाराच्या दगडी कडेवर नेली. "उचला," ती म्हणाली, "न्हाईतर ह्या हितंच फोडते."

नवरा समोर उभा असताना बाईनं बांगड्या फोडायच्या, म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. माळीआळीतल्या साऱ्या बायका एकेक करून दाराशी आल्या आणि त्यांनीही हात वर केले. हरबाजीच्या हातातलं फावडं खाली आलं.

पण कोंडाबाईचे हात धरले ते ठकूबाईनं. ती म्हणाली, "फोडू नको, बाई. माझ्या फोडल्या तेव्हा सासूनं माझा हात धरला होता आणि मी दगडाकडं बघत होते. अजून तसला दगड दिसला की मनगट दुखतं. तू फोडू नको. फळी उचलतील ते."

हरबाजीनं फळी उचलली. पाणी सुटलं.

त्या दिवशी ठकूबाईनं दोन्ही जमावांतल्या झाडून साऱ्या बायकांचे हात भरले. ओझं एकीच्या डोक्यावर मावेल एवढंच, पण ते संपेना. हिरव्या संपल्या म्हणावं तर खालून हिरव्याच निघत, असं म्हणतात. आणखी एक सांगतात. पोचम्माच्या हातून पाटात पडलेल्या बांगड्या बुडाल्या नाहीत. त्या काचेच्या बांगड्या पाण्यावर तरंगत तेलंगवाड्यापर्यंत गेल्या, आणि तिथल्या पोरांनी त्या अख्ख्याच्या अख्ख्या उचलल्या. खरं-खोटं पाटाला माहीत. पण तेलंगवाड्यातल्या म्हाताऱ्या आजही शपथेवर सांगतात.

हरबाजीचा निम्मा ऊस त्या वर्षी जळाला, हे मात्र खरं. थोरल्या लेकीचं लग्न पुढं गेलं. हरबाजी दिवाळीपर्यंत बायकोशी बोलला नाही. पण फळी त्यानं पुन्हा टाकली नाही. उंबराखाली चारी आळ्यांची माणसं बसली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. ठकूबाई मधे बसून याचं त्याला सांगत होती. शेवटी हरबाजीनं तिला विचारलं, "एवढा खटाटोप केलास, तुला काय पायजे?"

ती म्हणाली, "पाळी शेपटाकडनं सुरू करा. तोंडाला दिलेलं पाणी शेपटाला पोचेलच असं न्हाई. पण शेपटाला पोचलेलं पाणी सगळ्यांच्या दारावरनं गेलेलं असतं."

पुढं ठकूबाई किती वर्षं जगली, याबद्दल एकमत नाही. ती वारली, तेव्हा एकेकाळी तिला जागा न देणाऱ्या आळ्या तिच्यासाठी भांडल्या. माळी म्हणाले, आम्ही अग्नी देणार. वडार म्हणाले, आम्ही माती देणार. कच्छी म्हणतात, ती वारलीच नाही. दूर कुठं नवा पाट निघाल्याचं ऐकून, ओझं उचलून ती तिकडं गेली. तिची समाधी उंबरपाटात नाही. कुठल्या आळीत बांधायची, हे ठरलंच नाही.

आता उंबरपाट शहर झालंय. नगरपालिका आहे, शीतगृहं आहेत, डाळिंब परदेशी जातं. बाजारात सात-आठ बोली ऐकू येतात. छाटणीला बिहारी येतात, भरणीला झारखंडची माणसं, आणि त्यातली बरीच इथंच राहतात. पण दोन गोष्टी इथं तशाच आहेत. नवरा गेला म्हणून उंबरपाटात कुणा बाईच्या बांगड्या फोडत नाहीत, मग ती कुठल्याही जातीची, कुठल्याही धर्माची असो. आणि उन्हाळ्याचं पहिलं पाणी सुटतं त्या दिवशी, गावात सगळ्यांत शेवटी आलेल्या घरातली बाई दार उघडते. आता फळी नाही, लोखंडी चाक आहे. चाकाला हात लावण्याआधी तिचे हात भरतात. याला ठकूबाईची पाळी म्हणतात.

गेल्या वर्षी ही पाळी झारखंडहून आलेल्या सुगिया नावाच्या बाईची होती. डाळिंबाच्या पेट्या भरायच्या कामावर ती नुकतीच लागली होती. बायका तिला बोलवायला गेल्या, तेव्हा तिनं हात पदराखाली लपवले. तिचा नवरा वाटेतच, गाडीत तापानं गेला होता. ती म्हणाली, "मैं नहीं आ सकती, दीदी. अपशगुन होगा."

गिरम्यांच्या घरातल्या आताच्या सूनबाई तिथं होत्या. त्यांना हिंदी धड येत नव्हती. त्यांनी नुसता हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. मग सुगियानं पदरातून हात काढला.

तिचे हात भरले. तिनं चाक फिरवलं. पाणी आधी शेपटाला गेलं.