गरम करून ठेवलेली गाडी

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात एकदा एक वृद्ध मिस्त्री होते. सारे त्यांना मुजावर वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली बारा वर्षे काढलेला निवृत्ती आता गॅरेज सांभाळत असे. वस्ताद सकाळी तासभर येऊन बसत.

ऐन पौषात खातू पोस्टमास्तरांची गाडी बिघडली. पहाटे चालू होई आणि मिनिटभरात आचके देऊन बंद पडे. निवृत्तीने प्लग बदलले, मग फिल्टर बदलला. दुपारी गाडी विनातक्रार धावे, दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खातूबाईंना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी पहाटेच घाट उतरावा लागे. त्या मंगळवारी गाडीने दगा दिला आणि बाईंचे डायलिसिस चुकले.

“गाडी इथेच राहू दे,” वस्ताद म्हणाले. “सकाळी मी बघतो.”

बुधवारी निवृत्ती अर्धा तास आधीच आला. दमा असलेल्या वस्तादांना थंडीत कशाला ताटकळत ठेवायचे, असा त्याचा विचार. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. वस्ताद आले तेव्हा इंजिन शहाण्या लेकरासारखे चालत होते. त्यांनी बोनेटवर तळवा ठेवला, इंजिन बंद केले, किल्ली खिशात टाकली आणि ते घरी गेले.

निवृत्तीला संताप आला. शुक्रवार तोंडावर आलेला, आणि हे किल्ली घेऊन चालते झाले. बाईंचे डायलिसिस दुसऱ्यांदा चुकले तर त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

गुरुवारी तो पोहोचला, तेव्हा दवाने भिजलेल्या गाडीशेजारी वस्ताद मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, थरथरली, बंद पडली. मग त्यांनी बोटाएवढा एक सेन्सर काढून निवृत्तीच्या हातावर ठेवला.

“गार इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. इंजिन गार की गरम, हे सांगणं याचं काम. हा सदा ‘गरम’च सांगतो, म्हणून ते उपाशी राहून बंद पडतं. दुपारी इंजिन खरंच गरम असतं, तेव्हा याचं खोटं खपून जातं.”

वस्तादांना धाप लागली. ते जरा थांबले.

“आणि काल तू काय केलंस? गार गाडी गरम करून मला दाखवलीस. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. माझ्या दम्याची काळजी होती, हे मी जाणतो. पण बारा वर्षांनीही आपल्याला दोष सापडत नाही, हे वस्तादाला दिसू नये, असंही वाटलं ना? त्यापायी बाईंचा शुक्रवार गेला असता, बाबा.”

 दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. निवृत्तीला लाज वाटली, आणि का कोण जाणे, हलकेही वाटले. दुपारपर्यंत त्याने नवा सेन्सर बसवला.

शुक्रवारी पहाटे खातू आले. बाई शाल पांघरून मागे बसल्या.

“अरे, जरा गरम करून ठेवायची होतीस,” खातू म्हणाले.

“नाही काका, मुद्दाम गारच ठेवली. माझ्यासमोर चालू करा.”

इंजिन थरथरले आणि सावरले. निवृत्ती पाच मिनिटे थंडीत तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “आता निघा.”